पयले तू घे

आणीबाणी उठून फार काळ झाला नव्हता. नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी माझी नेमणूक सिहोऱ्याकडच्या एका उपकेंद्रात झाली होती. गावात आमची पांढरी साडी दिसली की माणसं मागच्या दाराने धानाच्या बांधीत निघून जायची. नसबंदीची जीप कोणी विसरलं नव्हतं.

त्या सकाळी रॉकेल संपलं होतं. सिरिंज-सुई उकळायची राहिली. केंद्राच्या सिस्टर म्हणाल्या, स्पिरिटने पूस आणि जा, गरोदर बायांची धनुर्वाताची इंजेक्शनं आजच संपव. मी निघाले. त्याच एका सुईने गल्लीतल्या दोन-चार बायांना टोचलं. मनात काही आलं नाही, हे खरं आहे.

शेवटच्या घरी सून ओसरीवर बसली होती, पहिलटकरीण. सासू दारात आडवी उभी राहिली.

"मोठ्या पोराले असंच गोड बोलून जीपमंदी बसोलं होतं," ती म्हणाली. "त्याले आता लेकरू नाही होत. हे कायची सुई होय? पोटातलं पाडाची?"

मी समजावलं. ही आईला दिली की बाळाला धनुर्वात होत नाही, म्हटलं. तिने ऐकून घेतलं, मग हसली.

"मंग पयले तू घे. मी पायतो."

नियमाने मला घेता आली असती, अपाय काही नव्हता. मी पदर सारून दंड उघडाही केला. आणि तेव्हा मला ती न उकळलेली सुई आठवली. सकाळपासून दुसऱ्यांच्या दंडात जाताना आठवली नव्हती. माझा हात थांबला. म्हातारीने ते पाहिलं.

"पाय, सुनबाई," ती म्हणाली, "इले पण भेव वाटते."

केंद्रावर येऊन मी सिस्टरना सांगितलं, अडाणी लोक आहेत, ऐकत नाहीत. त्यांनी मान डोलावली.

बाळंतपण घरीच झालं. नाळ विळ्याने कापली. आठवड्याभरात सासू बाळाला घेऊन केंद्रावर आली. बाळ दूध ओढत नव्हतं, जबडा आवळला होता. सिस्टर तिच्यावर ओरडल्या, सांगितलं होतं ना सुई घ्या म्हणून. म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. मी खाली मान घालून रजिस्टर चाळत राहिले. बाळ भंडाऱ्याच्या वाटेतच गेलं.

पुढच्या खेपेला मी त्या गल्लीत गेले तेव्हा कोणी मागच्या दाराने पळालं नाही. बायांनी आपणहून दंड पुढे केले. सुई कसली, कशाची, कोणी विचारलं नाही. सोबत आलेल्या सिस्टर खूश झाल्या. म्हणाल्या, बघ, बसला की नाही विश्वास.

मी हो म्हटलं.