हेल्काचं नाव

ताम्पेरेच्या विद्यापीठात वुओक्को राउतिओला सगळे दबकून असत. राज्यशास्त्र शिकवायची, पण तिचा खरा विषय बायकांचे हक्क. घरात होणारी मारहाण ही घरातली बाब नव्हे, हे खासदारांच्या समितीला पटवता पटवता तिचे केस पिकले. वर्गात टेबलावर बोट आपटून म्हणायची, "ज्याचं नाव कोणी घेत नाही, त्याला हक्कही मिळत नाहीत." पोरं ते लिहून घेत.

आणि घरी? घरी ती एकटी. इमारतीच्या सौनात, म्हणजे सामायिक वाफेच्या न्हाणीत, गुरुवारी तिची पाळी असे. बाकावर दुसरं कोणी नसे, तरी सवयीनं एका कडेलाच बसायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. कारण नाव गाळण्याचा अपराध तिनं स्वतःच केला होता.

तिच्या स्वतःच्या करोंक्काची गोष्ट. प्रबंधावरची जाहीर चर्चा पार पडली की त्याच संध्याकाळी नव्या डॉक्टरनं जेवण द्यायचं, तेच करोंक्का. उठून एकेकाचे आभार मानायचे. ज्याचं नाव घेतलं, त्यानंच त्या क्रमानं उठून उत्तर द्यायचं. ज्याचं घेतलं नाही, त्यानं मुकाट्यानं जेवायचं. वुओक्कोनं परीक्षकांपासून आईवडिलांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. हेल्काचं घेतलं नाही.

हेल्का कापडगिरणीत कामाला होती. दोघी एका घरात, एका बिछान्यात राहत. लोकांना 'मैत्रीण' म्हणून सांगत. दिवसभर मागावर उभं राहून आल्यावर तिनं तो अख्खा प्रबंध टंकून दिला होता. उत्तराचं भाषण आठवडाभर आरशासमोर घोकलं होतं. ती टोकाच्या खुर्चीवर बसून राहिली.

घरी जाताना बर्फातून चालता चालता ती म्हणाली, "ग्रंथालयाच्या शिपायाचं नाव घेतलंस."

"त्यानं पुस्तकं काढून दिली ना."

"आणि मी काय, गवत उपटत होते?"

"अगं, वसंतात नेमणूक व्हायचीय. समोर विभागप्रमुख बसले होते. एकदा नोकरी लागू दे, मग सगळ्यांना सांगू."

नोकरी लागली. तोवर हेल्का सामान बांधून दूर उत्तरेच्या ओउलू शहराला निघून गेली होती. मग वुओक्कोनं आयुष्यभर परक्या बायकांसाठी कायद्याची लढाई लढली. फार चांगली लढली, हे मी अगदी मनापासून म्हणतो. पण एक पत्र टाकायला हिला काय धाड भरली होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

निवृत्तीच्या आधी तिची शेवटची विद्यार्थिनी सान्नी डॉक्टर झाली. करोंक्काला सॅमन माशाचं सूप होतं, राईची भाकरी होती. सान्नीनं परीक्षकांचे आभार मानले, मग वुओक्कोचे, मग दोघा सहकाऱ्यांचे, आणि शेवटी म्हणाली, "आणि माझी बायको, ईरिस."

"शेवटी का होईना, आठवले बाई!" ईरिस जागेवरूनच ओरडली. सगळे हसले. कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. वुओक्कोनं मात्र चमचा खाली ठेवला. किती सोपं होतं हे!

परीक्षकांचं उत्तर देऊन झालं. वुओक्को उठली. सान्नीचं कौतुक करून झाल्यावर ती थांबली. पुढचं बोलायचं की नाही, या विचारानं आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"माझ्या करोंक्काला मी एक नाव गाळलं. हेल्का पिरिला. माझा प्रबंध तिच्या हातांनी उभा राहिला. मी तिच्यासोबत राहत होते. माझं तिच्यावर प्रेम होतं, आणि नोकरीच्या भीतीनं मी ते गिळलं. हेल्का, तुझे आभार."

 ईरिसनं डोळे पुसत ग्लास उंचावला. "नाव घेतलंय, म्हणजे आता त्यांनी बोलायलाच हवं! कुठे बसल्यात हेल्का?"

सगळ्या खुर्च्या वळल्या. लोक हसऱ्या चेहऱ्यानं एकमेकांकडे पाहत ती अनोळखी बाई शोधू लागले.

"ती इथं नाही," वुओक्को म्हणाली. "ओउलूला असते. म्हणजे, असावी."

"बोलावलं नाहीत त्यांना?" सान्नीनं हळूच विचारलं.

"नाही. ती समोर असती, तर मला हे बोलता आलं नसतं."

ती खाली बसली. रीतीप्रमाणे सगळे उत्तरासाठी थोडा वेळ थांबले. मग यादीत ज्याचं नाव पुढे होतं, तो सहकारी घसा खाकरून उभा राहिला.