डीवरने न पुसलेला दगड

आमच्या ऊस्टरडाइन गावात शनिवारी सकाळी खिडक्या धुतल्या नाहीत, तर दुपारी शेजारीण विचारते, "बरं नाही का गं?" कारखान्याच्या कोळसाभट्ट्या समुद्राच्या बाजूला आणि वारा बहुतेक तिकडचाच, त्यामुळे काचांवर काळी धूळ बसते आणि आम्ही बुधवारीही धुतो.

डीवर माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिचा नवरा वाउटर पोस्टमन होता. तीस वर्षं त्या भट्ट्यांच्या धुराड्यांखालून त्याने सायकल हाणली. सिगारेटला कधी शिवला नाही, तरी छप्पन्नाव्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. त्या दिवसापासून डीवरला एकच हवं होतं, त्या भट्ट्या विझायला हव्या होत्या. भरपाईचं नाव काढलं की ती फणकारायची, "त्यांच्याकडून मला काही घ्यायचं नाही. त्यांचं बंद पाडायचंय."

गल्लीतल्या चाळीस घरांच्या सह्या घेऊन तिने कंपनीला कोर्टात खेचलं. कंपनी म्हणे, ती धूळ आमची नाही, किनाऱ्यावरची वाळू आहे. न्यायाधीशबाईंनी एक तज्ज्ञ नेमला. तो येऊन आमच्या खिडक्यांवरची धूळ गोळा करणार होता.

आणि इथे मी शेण खाल्लं. कोर्टाचा माणूस येणार म्हटल्यावर अख्खी गल्ली आदल्या दिवशी बादल्या घेऊन बाहेर पडली. डीवर आमच्या वकीलबाईंकडे हार्लेम शहरात गेली होती, म्हणून तिच्याही खिडक्या मीच घासल्या. म्हटलं, बिचारीची शोभा व्हायला नको. तज्ज्ञ आला आणि रिकाम्या बाटल्या घेऊन परत गेला.

"नेल, अक्कल गहाण टाकली होतीस का?" डीवर कुंपणावरून ओरडली. "तो काय पाहुणा होता? ती धूळ आपली साक्षीदार होती, आणि तू तिला साबण लावून गटारात सोडलीस!"

दोन आठवडे तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मला राहून राहून वाउटरचा दगड आठवत होता. कबरीवरचा तो पांढरा दगड डीवरने अकरा वर्षांत एकदाही धुतला नव्हता. कबरस्तानातून तीन नोटिसा आल्या होत्या. गावात बायका नाकं मुरडत, आणि खोटं कशाला बोलू, मीही मुरडलं होतं. "नवऱ्याच्या दगडाला पाणी लावायला होत नाही हिला!" त्यावर डीवरचं उत्तर ठरलेलं असे, "ज्यांनी काळा केला, त्यांचा काळेपणा आहे तो. राहू दे."

मी तडक हार्लेम गाठलं. "वकीलबाई, आमची गल्ली मी पुसली. पण एक दगड राहिलाय. आणि थर कधीपासूनचा, ती तारीखही त्याच्यावर कोरलेली आहे."

तज्ज्ञाने त्या दगडावरचा थर खरवडून नेला. त्यात वाळू नावाला होती, बाकी सगळं भट्टीतलं. कंपनीचे वकील चष्मा पुसत बसले. निकाल लागला, दीड वर्षात भट्ट्या बंद.

कोर्टाबाहेर कारखान्याचे संचालक तेरहोर्स्ट हात पुढे करून आले. "बाई, तो दगड कंपनीतर्फे आम्ही स्वच्छ करून देऊ."

"हात तर लावून बघा!" डीवर म्हणाली. "तुमचा शेवटचा धूर निघेल ना, त्यानंतर मीच धुईन."

दीड वर्षाने एका शुक्रवारी भट्ट्या विझल्या. शनिवारी सकाळी डीवरने माझ्या दारावर थाप मारली. "नेल, तुला घासायची फार हौस ना? चल."

आम्ही दोघींनी दगड घासला. वाउटरचं नाव वर आलं तेव्हा ती मोठ्याने रडली. पण खालचं काळं पाणी तिने सांडू दिलं नाही. ते दोन बादल्यांत धरलं, झाकणं लावली, आणि आम्ही सायकली काढल्या.

तेरहोर्स्टांचं घर गावाबाहेर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, जिथे धूर कधी पोचलाच नाही. खिडक्या नुकत्याच धुऊन लखलखत होत्या. डीवरने पहिली बादली मोठ्या काचेवर रिकामी केली, दुसरी मी. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेरहोर्स्टबाई किंचाळत फडकं घेऊन धावत आल्या.

"पुसू नका हं," मी त्यांना म्हटलं. "कोर्टाचा माणूस यायचाय."