कपाटाच्या दारामागची अमेरिका

माझा भुतांवर विश्वास नाही. पंधरा वर्षं मी आयर्लंडमध्ये, कासलबारच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते आहे. माणसाच्या आत काय असतं ते रोज बघते, आणि त्यात जास्तीचं काही कधी सापडलेलं नाही. तरी आमच्या स्वयंपाकघरातल्या एका कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने अमेरिकेचा नकाशा चिकटवलेला आहे आणि त्यावर एकतीस टाचण्या आहेत. एक टाचणी म्हणजे एक भूत.

ही भुतं माझ्या धाकट्या भावाची. तो अमेरिकेत मोठमोठ्या गोदामांना सॉफ्टवेअर बसवून द्यायचा. दोन-तीन महिने एका राज्यात, मग पुढच्या. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे त्याच्या सकाळी किंवा दुपारी, तो व्हिडिओ कॉल करायचा. माझी मुलगी सात वर्षांची असताना त्याने तिला कबूल केलं होतं की नव्या राज्यात गेलो की पहिल्या रविवारी तिथलं भूत सांगीन. नियम एकच. गोष्ट तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकलेली हवी, इंटरनेटवरची चालणार नाही. त्यामुळे प्रत्येक भुताबरोबर एक टॅक्सीवाला, एखादी हॉटेलातली बाई, एखादा गोदामाचा वॉचमन यायचा. मुलगी टाचणी लावायची. नकाशा भिंतीवर नको असं मी सांगितलं होतं, म्हणून तो कपाटात गेला. ती कपाटाला प्रेस म्हणते, इथे सगळेच म्हणतात.

मी त्या वेळी पोळ्या करत असायची. ऐकत नाही असं दाखवायची, पण ऐकायची. न्यू जर्सीच्या पाइनच्या जंगलात घोड्याच्या तोंडाचं, पंखांचं एक पोर फिरतं, आईचं तेरावं. इलिनॉयमध्ये पांढऱ्या कपड्यातली मुलगी गाडीला हात करते आणि कब्रस्तानाच्या फाटकाशी आली की सीटवरून नाहीशी होते. टेक्ससच्या माळावर दिवे नाचतात.

"हेडलाइट असतील," मी म्हणाले.

"ताई, तू अमेरिकेत आलीस ना, तर भुतं देश सोडून जातील."

हवाईत मेलेल्या योद्ध्यांची मिरवणूक निघते. ढोल ऐकू आले की तिथल्या तिथे पालथं पडायचं, वर बघायचं नाही.

"आणि मातीने भरलेले कपडे धुवायचे कोणी?"

"हिला सांगू नकोस गं पुढची," तो भाचीला म्हणायचा. "ही योद्ध्यांनाही रांगेत उभं करेल."

शेवटच्या वर्षी गोष्टी बदलल्या. राज्यं येत होती, लुइझियाना, व्हर्माँट, पण गोष्टीतली माणसं गेली होती. टॅक्सीवाला नाही, वॉचमन नाही, नुसतं भूत. मला ते जाणवलं, पण कामाचा ताण असेल असं मी धरून चालले. भर जुलैत लुइझियानातून बोलताना त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती.

"हे काय रे?"

"हॉटेलात एसी फार आहे."

मी पोळी उलटली. दिवसभर लोकांची हाडं आणि फुप्फुसं बघणाऱ्या बाईने पोळी उलटली.

पुढे जानेवारीत त्याने वेस्ट व्हर्जिनियाची गोष्ट सांगितली. नवी नवरी अचानक मेली. नवऱ्याने घाईघाईने पुरली. मग ती चार रात्री आईकडे आली आणि नवऱ्यानेच मान मोडली म्हणून सांगून गेली. आईने कोर्ट गाठलं, कबर उघडली, मान खरंच मोडलेली होती.

"चार रात्री कशाला? एका रात्रीत सांगून झालं असतं."

तो हसला, मग बराच वेळ खोकला. म्हणाला, "भूत तरी सांगून गेलं, ताई. आपल्याकडे जिवंत माणसंसुद्धा सांगत नाहीत."

हे बाबांबद्दल होतं हे मला कळलं. बाबांना झटका आला तेव्हा तो अमेरिकेत शिकत होता आणि त्याची शेवटची परीक्षा तोंडावर होती. मी नाशिकला आईजवळ पोचले होते. त्याला कळवायचं नाही हे मी ठरवलं. आमच्या घरात परदेशातल्या माणसाला असंच सांभाळतात: "सगळं ठीक आहे, तू तुझं बघ." तो फोनवर बाबांना मागायचा आणि मी सांगायची, झोपलेत. परीक्षा झाल्यावर त्याला बोलावलं. तो आला तेव्हा तेरावा उरकला होता. तेव्हा तो काही बोलला नाही, पुढेही कधी बोलला नाही. त्या रविवारी एवढंच बोलला, आणि मी विषय बदलला. विचारलं, ईस्टरच्या सुट्टीत आम्ही दोघी येऊ का? तो म्हणाला, तेव्हा मी दुसऱ्याच राज्यात असेन, उन्हाळ्यात बघू.

फोन मंगळवारी दुपारी आला. मी कामावर होते. त्याच्या शेजारच्या फ्लॅटमधला, त्याच्याच कंपनीतला मुलगा बोलत होता. भाऊ गेला, म्हणाला. मी शॅननच्या विमानतळावरून निघाले. ओहायोत त्याच्या फ्लॅटवर पोचले तेव्हा त्या मुलानेच दार उघडलं आणि चहा करून दिला. भाऊ आठ महिने त्या शहराबाहेर गेलाच नव्हता, असं त्याने खाली बघत सांगितलं. पोटात गाठ होती, पसरलेली. लुइझियाना, व्हर्माँट, वेस्ट व्हर्जिनिया हे सगळं त्या एका खोलीतून, खिडकीशी ओढलेल्या खुर्चीत बसून झालं होतं. खुर्चीमागचा हिरवा पडदा मी ओळखला. प्रत्येक हॉटेलात तोच होता.

अस्थींचा डबा हातसामानात घालून मी परत आले. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून मागच्या शेडमध्ये, सायकलींच्या वर, फळीवर ठेवल्या. गुरुवारचं नाशिकचं तिकीट काढलं. शेजारची आयरिश बाई सँडविचचा ट्रे घेऊन आली. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याला घरात मधोमध ठेवतात आणि लोक भोवती बसून त्याच्याच गोष्टी सांगतात. तिने हळूच विचारलं, तो घरी आहे का? मी म्हटलं, शेडमध्ये. ती चहाचे कप धुवून गेली.

संध्याकाळी मी कपाट उघडलं तर डबा आत, डाळीच्या बरण्यांशेजारी. मुलगी मागे उभी होती. ती चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे.

"बाहेर पाऊस आहे," ती म्हणाली. "त्याला थंडी फार वाजायची."

"तुला काय माहीत?"

मग तिने सांगितलं. दुसऱ्या हॉटेलातही तोच हिरवा पडदा आहे हे तिने तेव्हाच ओळखलं होतं. मी भांडी घासत असताना फोन खोलीत नेऊन तिने मामाला सरळ विचारलं होतं आणि त्याने सरळ सांगितलं होतं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, शाळेतून आल्यावर, ती त्याच्याशी बोलायची. नकाशावर पुढचं राज्य कुठलं ते दोघं मिळून ठरवायचे.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू लगेच विमानात बसशील म्हणाला. तुला तसं बघायला लागू नये म्हणाला." मग ती म्हणाली, "आजोबांच्या वेळी तू हेच केलंस ना? आपल्या घरात असंच करतात, म्हणाला. तो रागावलेला नव्हता, आई."

मी तिला रागावले नाही. रागवायला जागाच ठेवली नव्हती त्याने. डबा तिथेच राहू दिला.

उरली नाशिकची आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी. मुलाचा फोन नाही म्हणून दोन दिवस मला विचारत होती. चुलतभावाचं म्हणणं पडलं, "काकूचं पुढच्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ते होऊन जाऊ दे. तोवर सांग, दौऱ्यावर आहे." म्हणजे आणखी एक राज्य. मी हो म्हणायच्या बेतात होते. मुलगी टेबलापाशी बसून माझ्याकडे बघत होती, आणि हे असं लपवणं तिने एकदा करून पाहिलेलं होतं.

रविवारी सकाळी आधी नाशिकच्या शेजारच्या काकूंना फोन करून आईजवळ जाऊन बसायला सांगितलं. मग आईला लावला.

"आई, बसली आहेस का? ऐक."

मी सगळं सांगितलं. गाठ, आठ महिने, मंगळवार. आजारी होता हे मलाही माहीत नव्हतं, हेही सांगितलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. आई रडली नाही. तिने विचारलं, "शेवटी शेवटी जेवत होता का गं?"

ओहायोत मी सगळे कागद गोळा केले होते, सह्या केल्या होत्या, भांडी वाटून टाकली होती. हे मात्र कोणाला विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, आई," मी म्हणाले.

मुलीने माझ्या हातातून फोन घेतला. ती आजीशीही इंग्रजीतच बोलते आणि आजी अंदाजाने हो-हो करते. त्या दिवशी तिने मराठीतला एकेक शब्द शोधून काढला.

"आजी, जेवत नव्हता. भात नको वाटायचा. पण आइसक्रीम खायचा. व्हॅनिला. मी इथे खायची, तो तिथे खायचा."

"थंड बाधत होतं त्याला लहानपणी," आई म्हणाली. मग विचारलं, "रोज?"

"रोज नाही. बुधवार आणि शुक्रवार."

आई पुढचं विचारत राहिली आणि मुलगी सांगत राहिली. मी उठून गॅसवर चहा ठेवला.