ओंडक्याखाली अडकलेला पाय

माझी वहिनी तूदा आमच्या डोंगरातल्या शाळेत स्वयंपाकीण. सकाळी पन्नास पोरांसाठी मसुराचं सूप आणि रोट्या करायची, आणि दुपारी मोकळी झाली की पटाशी नि लाकडी हातोडा झोळीत टाकून जंगलात जायची. मेंढपाळाची लेक ती. लहानपणी कळपामागं बसून काठ्यांवर कोरायची, ती सवय चाळिशीतही सुटली नव्हती. आमच्याकडे लाकूड कोरतात ते पुरुष, तेही खाली अझरू शहराच्या बाजारात विकायला. हिनं कधी काही विकलं नाही. माझा भाऊ हद्दू म्हणायचा, "लोकांच्या बायका गालिचे विणतात, माझी जंगलाला दागिने घालते."

त्या वर्षी वादळात ओढ्याच्या उतारावर एक जुना देवदार पडला. फांद्या तोडून नेल्या, ओंडका तिथंच राहिला. तूदानं जंगलरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, "कोर हवं ते, बाई. पण काडीही घरी न्यायची नाही." तिनं ओंडक्याच्या अंगावर मेंढ्यांची रांग कोरायला घेतली. हिवाळ्याच्या तोंडापर्यंत आठ झाल्या, नववीचे खूर तेवढे राहिले.

तो शुक्रवार होता. शाळेला सुट्टी होती, म्हणून सकाळीच ती गेली. आदल्या दोन दिवसांच्या पावसानं माती सैल झाली होती. नवव्या मेंढीचे खूर कोरायला ती ओंडक्याच्या उताराकडच्या बाजूला बसली, उजवा पाय खाली सरकवून. ओंडक्याला अडवणारा दगड निसटला. ओंडका थोडासाच फिरला आणि तिच्या पायावर बसला.

खाली कातळाला खळगा होता म्हणून हाड वाचलं. पण पाय निघेना. आणि ओंडका अजून एक वीत जरी घसरला असता, तरी तिच्या छातीवरूनच खाली गेला असता.

ती ओरडली. झाडावरची माकडं तेवढी दचकली. "किती घाबरले होते म्हणून सांगू," ती मला नंतर म्हणाली. "मी आईला हाका मारत होते, यामना. तिला जाऊन वीस वर्षं झाली, हेही डोक्यात येईना."

हातोडा लांब गडगडला होता. पटाशी मात्र हातात होती. तिनं एक दगड घेतला आणि पायावरचं लाकूड तासायला सुरुवात केली. एक घाव घालायचा, थांबायचं, ऐकायचं. प्रत्येक घावाला ओंडका कुरकुरायचा. लाकूड काढलं नाही तर पाय सुटत नाही, आणि काढलं तर ओंडका बसतो. तरी ती घाव घालत राहिली.

घरी दुपारच्या जेवणाचा कुसकुस, आमचा वाफवलेला रवा, गार झाला, म्हणून मी तिला बोलवायला गेले. लांबून टकटक ऐकून मला रागच आला होता. मग तिचा चेहरा दिसला, राखेसारखा.

"खालून येऊ नको," ती हळूच म्हणाली. "वरच्या अंगानं ये. पाय आपटू नको."

"मी हद्दूला घेऊन येते."

"तोवर हा थांबायचा नाही. कान लाव."

मी लाकडाला कान लावला. आतून बारीक कडकड येत होती. मी शूर बाई नाही, कधीच नव्हते. पळून जावंसं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

"दगड आण," तूदा म्हणाली. "उशीएवढे. आणि रडायचं ते नंतर रड."

मी दगड आणले आणि तिच्या कमरेजवळ ओंडक्याखाली दाबत गेले. दर वेळी हात खाली घालताना डोळे मिटायचे. ती तासतच होती. त्या मेंढीचे पाय उडाले, पोट उडालं. तिच्या बोटांतून रक्त येत होतं. शेवटी ती म्हणाली, "आता ओढ."

मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. बूट आत राहिला, पाय बाहेर आला. आम्ही चार हात लांब गेलो असू, तोच माझे दगड करकरले आणि ओंडका खचकन खाली बसला. बूट भाकरीसारखा चपटा झाला. मी तिथंच ओकले.

पायाचं एक बोट डॉक्टरांनी काढलं. हद्दूनं पटाश्या पेटीत घालून कुलूप लावलं. तिनंही मागितल्या नाहीत. हिवाळाभर चुलीत लाकूड सारायलाही ती दुसऱ्या कुणाला सांगायची. झोपेत पाय ओढून घ्यायची.

वसंतात जंगलरक्षकानं माणसं आणि खेचरं लावून ओंडका सपाटीवर आणला, दोन्ही अंगांनी पक्का केला. बरेच दिवस ती लांबूनच बघून परत यायची. एका सकाळी तिनं हद्दूकडे किल्ली मागितली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि दिली.

आता ती एकटी जात नाही. मला अजूनही तिथं जायला नको वाटतं. पण ती झोळी खांद्याला लावून दारात उभी राहते. मग मी माझी विणायची लोकर घेते आणि चपला घालते.