स्वतःवर एक वाक्य

वेसाव्याच्या कोळीवाड्यातली कमळ मरोळच्या एका रेडिओ कारखान्यात आठ वर्षं सोल्डरिंग करत होती. घरात आई पुतळाबाई आणि ती, दोघीच. आई मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची, कमळ दोन बस बदलून कारखान्यात. चौऱ्याऐंशी साली त्यांच्या लाइनची सुपरवायझर लग्न होऊन नागपूरला गेली आणि नोटीस लागली. लाइनवरच्या बायकांनीही अर्ज करावा, मुलाखत इंग्रजीत होईल.

"तू कर ना अर्ज," शेजारच्या टेबलावरची शुभा म्हणाली. "नव्या पोरींना तूच तर शिकवतेस."

"सातवी पास मी. इंग्रजीत बोलायचं म्हटलं की वाट लागते."

"मग शिक. इथे मरोळच्या गावठाणात ल्युसी टीचर राहतात, त्यांना विचार."

ल्युसी टीचर शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, मुलगी कॅनडात. दर रविवारी चार वाजता कमळ त्यांच्या ओट्यावर वही घेऊन बसू लागली. फीचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "येताना बोंबील आण. इथले बोंबील मेले पाणचट."

पहिल्या दिवशी टीचरनी शब्द दिला, इम्प्रूव्ह. "म्हणजे सुधारणे. आता वाक्य कर."

कमळने मशीनवर वाक्य केलं.

"मशीन जाणार आहे का मुलाखतीला? स्वतःवर कर. तू आधी कशी होतीस, आता कशी आहेस?"

हे कमळला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या तोंडाने आपलंच काय सांगायचं? मराठीत तिच्याच्याने ते झालंही नसतं. पण इंग्रजीत बोललेलं ना आईला कळणार होतं, ना वाड्यातल्या बायकांना. तिथे ती स्वतःबद्दल काहीही म्हणू शकत होती. पुढच्या रविवारी तिने सहा वाक्यं लिहून आणली. सगळी 'आय'ने सुरू होणारी.

कॉन्फिडंट, पेशंट, रिस्पॉन्सिबल, मॅच्युअर असे एकेक शब्द होत गेले. मग एकदा टीचर 'यूज्ड टू'वर आल्या. "पूर्वी करायचीस आणि आता करत नाहीस, असं काही सांग."

"आय यूज्ड टू स्विम," कमळ म्हणाली. विचार करावाच लागला नाही.

नांगरलेल्या होड्यांपर्यंत ती पोहत जायची, वर चढून पुन्हा पाण्यात उडी टाकायची. मग एक दिवस आत्या म्हणाली, पोर मोठी झाली आता. त्या दिवसापासून बंद. समुद्राला लागून घर, पण वीस वर्षांत पाणी घोट्याच्या वर आलं नव्हतं.

"टीचर, मोठी झाले, याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"ग्रो अप."

"आणि माणसाची प्रगती झाली, तर?"

"तिथेही ग्रोच."

कमळने दोन्ही एकाखाली एक लिहिलं आणि दोन्हींतल्या 'ग्रो'खाली रेघ ओढली. टीचर उठून चहा टाकायला गेल्या.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, आठ वर्षांत तुझ्यात काय फरक पडला? कमळने इंग्रजीत सांगितलं, आधी मी घाबरायचे, चूक झाली की लपवायचे. आता चूक मीच दाखवते. नऊ मुलींना काम शिकवलं. मी पेशंट आहे. साहेब हातातला कागद ठेवून ऐकत राहिले. "व्हेरी गुड," म्हणाले.

जागा मुलुंडच्या राधाला मिळाली. तिच्याकडे डिप्लोमा होता. साहेबांनी कमळला बोलावून सांगितलं, राधाला लाइन समजावून दे, तू पेशंट आहेस ना. कमळने दोन महिने तिला सगळं शिकवलं. राधा वाईट नव्हती. कमळताई, कमळताई करत मागे असायची.

रविवारी हे ऐकून टीचरना राग आला. कमळ मात्र वही उघडून म्हणाली, "असतं तर, झालं असतं तर, हे कसं म्हणतात?"

"आय विश आय हॅड," टीचर हळूच म्हणाल्या.

त्या आठवड्यात कमळने वहीची चार पानं भरली. आय विश आय हॅड स्टडीड, हे पहिलं. टीचरनी एकाही ओळीखाली लाल रेघ मारली नाही. वही मिटून परत दिली.

सत्याऐंशीत मुलीने टीचरना कॅनडाला नेलं. रविवारी चार वाजले की कमळला घरात बसवेना. एका रविवारी ती मरोळला टीचरच्या घरापर्यंत जाऊनही आली. ओट्यावर दुसरीच माणसं होती. "कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं. "कुणी नाही," म्हणून ती फिरली.

घरी आली तेव्हा पुतळाबाई दारात कोळंबी सोलत होती. कमळ तिच्यासमोर बसली आणि तिनेही सोलायला घेतलं. थोड्या वेळाने तिच्या तोंडून निघालं, तेही मराठीत, "आई, मला शिकायचं होतं गं."

पुतळाबाईचे हात थांबले.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ती टीचर परत येल का गो?"

"नाही येणार."

पुतळाबाईने मान हलवली आणि टोपलीतली उरलेली कोळंबी दोघींच्या मध्ये ओतली.