खेळाची हजेरी

गणितात मी कॉलेजात पहिली होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी कुठेच पहिली नाही.

तेव्हाचं मद्रास. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे वर्ग नुकतेच उघडले होते. नोटीस बोर्डासमोर मुलींची झुंबड, आणि सगळ्या वळूनवळून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, बक्षीसबिक्षीस मिळालं. ऐटीत पुढे घुसले, तर 'प्रोबेशनवर' अशा मथळ्याखाली नापासांच्या पंगतीत माझं नाव! कारकुनानं घोळ घातला असणार, असं म्हणत मी तणतणत प्रिन्सिपॉलबाईंच्या खोलीत शिरले.

"घोळ नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचे मार्क उत्तम आहेत. पण शारीरिक शिक्षणाच्या तासाला तुम्ही जवळजवळ आलाच नाहीत."

नियम असा होता, की विषयांच्या हजेरीसारखीच खेळाचीही हजेरी भरायची. ती भरली नाही तर विद्यापीठाच्या परीक्षेला नावच पाठवत नसत. मला वरच्या वर्गात घेतलं होतं ते अटीवर. पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुट्टीपर्यंत रोज सकाळी, कॉलेज भरण्याआधी मैदानावर येऊन बुडवलेले तास भरून काढायचे. एक जरी चुकला तरी परीक्षा विसरायची.

"आणि नुसतं मैदानावर उभं राहून चालणार नाही," बाईंनी बजावलं. "खेळावं लागेल."

माझं आणि मैदानाचं कॉलेजातल्या पहिल्याच आठवड्यात फाटलं होतं. शर्यतीत निऱ्यांत पाय अडकून मी सपशेल तोंडावर आपटले आणि अख्खा वर्ग पोट धरून हसला. तेव्हापासून खेळाच्या तासाला मी लायब्ररीत कपाटामागे बसून गणितं सोडवायची. कुणी काही बोललं नाही, म्हणून नियम झोपला असावा असं धरून चालले होते.

आमचं घर तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे आम्ही. घरात जुन्या तंजावरी वळणाची मराठी, तिच्यात निम्मी तमिळ कालवलेली. अप्पा एका कचेरीत हेडक्लार्क होते. ते आवाज चढवत नसत आणि एकदा बोललेला शब्द मागेही घेत नसत. कॉलेजात घालतानाच त्यांनी सांगितलं होतं, एक वर्ष जरी वाया गेलं तरी शिक्षण बंद. त्या संध्याकाळी सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "अंधारात मुलीनं एकटीनं जाचं नाही."

म्हणजे संपलंच.

"एकटी कां?" स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. "मी अहे की."

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा झाली आणि आमच्याकडे आली, ती मी जन्मण्याच्याही आधी. विटकरी रंगाचं नऊवारी, हातात जपमाळ. चूल, देऊळ आणि गच्चीवरची वाळवणं, यापलीकडे तिला आम्ही कुठे पाहिलंच नव्हतं. तिच्या शब्दाला अप्पांनी मान हलवली.

पहिल्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा खेळाच्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून नेटबॉलच्या मुलींवर ओरडत होत्या. त्यांनी मला एका जुन्या जाळीपाशी नेलं आणि हातात रबरी कडं ठेवलं. हा खेळ टेनिकॉइट. कडं जाळीवरून फेकायचं, समोरच्यानं ते एका हातानं झेलायचं आणि त्याच हातानं परत फेकायचं. जमिनीवर पडलं की गुण गेला.

"पण समोर कोण?" मी विचारलं.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कडुलिंबाखाली आत्या जपमाळ ओढत बसली होती.

"त्या अम्मांना उभं कर," बाई तमिळमध्ये म्हणाल्या आणि आपल्या मुलींकडे निघून गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्यानं मात्र माळ पिशवीत टाकली, कासोटा आवळला आणि जाळीपलीकडे जाऊन उभी राहिली. कडं निरखून म्हणाली, "हे काय, रबराचा वडा?"

मी फेकलं. तिनं झेललं. तिनं फेकलं. ते माझ्या कानाजवळून गेलं आणि मागे धुळीत पडलं. त्या दिवशी मी एकूण एक डाव हरले. माझ्या निऱ्या पायात येत होत्या आणि ती कासोट्यात वाऱ्यासारखी पळत होती. पळता पळता मोठ्यानं हसत होती. घरी ती हसली तर तोंडाला पदर लावून. हे हसू मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते आणि हरण्याचा रागसुद्धा धड येईना.

"कुठं शिकलीस गं?" परतताना मी विचारलं.

"तुझ्या अप्पाजवळ. तंजावरास तो झाडावर चढून आंबे टाकाचा आणि मी खाली झेलाचं. फुटला तर अस्क बोलणं मज." अस्क म्हणजे सगळं.

आठवड्यांमागून आठवडे गेले. मी एखाददुसरा डाव जिंकू लागले. सकाळी कुणी न उठवता उठू लागले. गणितातल्या पहिल्या नंबरची शपथ, मला मजा येऊ लागली.

मग तळ्यावरच्या कुणीतरी अप्पांच्या कानावर घातलं, की तुमची बहीण कॉलेजच्या मैदानात उड्या मारते. पोंगल तोंडावर आलेला, थोडेच तास उरलेले, आणि एका सकाळी सहज मान वर केली तर कुंपणाच्या गजांपलीकडे छत्री घेऊन अप्पा उभे! बायकांच्या कॉलेजात पुरुषाला आत सोडत नव्हते म्हणून बाहेर राहिलेले, एवढंच. त्यांनी आत्याला घरी नेलं तर समोर कुणी नाही, म्हणजे हजेरी नाही, म्हणजे परीक्षा नाही. आत्याची त्यांच्याकडे पाठ होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

"फेक की!" ती ओरडली.

कसंबसं फेकलं. कडं तिच्या डावीकडे गेलं आणि तिच्या बोटांना चाटून खाली पडलं.

"अक्का! डावीकडे! अजून तुझी डावी बाजू तशीच कां?"

सगळं मैदान वळून पाहू लागलं. अप्पांना एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बहुधा त्यांनीही नसावं. आत्या वळली. मग अप्पा खाकरले, कचेरीला उशीर होतो असं काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले. कचेरी उघडायला अजून बराच अवकाश होता.

रात्री जेवताना ताक वाढून घेता घेता ते मला म्हणाले, "मनगट खाली ठेव फेकताना."

पोंगलच्या आधी बोर्डावरचं माझं नाव खोडलं गेलं. परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. मी घरभर नाचले. रात्री ठरवून टाकलं, की आता उद्या चांगली उन्हं येईपर्यंत झोपायचं.

उजाडायच्या आत आत्या खांदा हलवत होती. "लोकर ऊठ."

"आत्या, झालं सगळं. हजेरी भरली."

"तुझी भरली," ती म्हणाली. "माझी कुठं भरली?"

मी उठून बसले. ती कासोटा आवळून तयार होती आणि तिच्या हातात खेळाच्या बाईंनी दिलेलं जुनं, चीर गेलेलं कडं होतं. तोंडसुद्धा न धुता मी तिच्याबरोबर निघाले.

दाराबाहेर अप्पा छत्री घेऊन उभे होते. ते पुढे चालू लागले. कॉलेजचा रस्ता सोडून समुद्रावर पोचल्यावर ओली, घट्ट वाळू पाहून थांबले आणि छत्रीच्या टोकानं एक लांबलचक रेघ ओढली.

"ही जाळी," ते म्हणाले.

मग छत्री वाळूत रोवली, धोतर वर खोचलं आणि आत्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले.