टोपीनं पुसलेली पायरी

बापाच्या ओठांवर गोल वळ होता. आयुष्यभर बेस फुंकून पडलेला. बेस म्हणजे बँडमधला सगळ्यात मोठा बाजा. आमच्या पत्र्याच्या खोलीत तो ठेवला की आम्हाला पाय पोटाशी घेऊन झोपावं लागे. लग्नसराई संपली की बाप विंचूरला कांद्याच्या गोण्या उचलायचा. आई धुणीभांडी करायची. कालवण रोज नसायचं. तरी मी कॉलेजात होतो. घराण्यातला पहिला. सुट्टीत बापाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचो.

गंगापूर रोडच्या एका बंगल्यातून नवरदेव निघायचा होता. सकाळपासून आम्ही उन्हात उभे. पितळी वाद्यात फुंकलेल्या श्वासाचं आत पाणी होतं. ते साचलं की सूर गुरगुरतो. मग चावी दाबून ते सोडावं लागतं. मी सोडलं. दोन-चार थेंब संगमरवरी पायरीवर पडले. दोन पावलं मागं जायला हवं होतं, गेलो नाही.

"ए बँडवाल्या! दारात थुंकतो काय?" नवरदेवाचा बाप ओरडला.

"थुंकी नाही साहेब. श्वासाचं पाणी आहे."

"तुझ्या तोंडातलंच ना? घरात देवक बसलंय. पूस!"

"फडकं द्या."

"आमचं फडकं बाटवू? डोक्यावर टोपी आहे ना, तिनं पूस."

मी हललो नाही. बाप हलला. अंगावरचा बेस उतरवला, गुडघे टेकले आणि स्वतःच्या लाल टोपीनं ती पायरी पुसली. पाहुण्यांत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"आता घाल डोक्यावर. ड्रेस पूर्ण पाहिजे."

बापानं घातली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "फुंक रे. सीझन हाये."

"नाय फुंकणार."

माउथपीस खिशात टाकलं आणि चालत वस्तीवर आलो. बाप आठ दिवस बोलला नाही. पोरानं पोटावर पाय दिला, असं त्याला वाटलं. माझ्या डोळ्यापुढून ती पायरी हलेना.

बी.ए. झालो. देवळालीत लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडं नोटेशन शिकलो. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्चीवर बसवलं. बसून वाजवायची सवयच नव्हती, मी दोनदा उठून उभा राहिलो. "बैठ, बारात नहीं है," ते म्हणाले. ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा, खर्जातलं मिळेल ते वाजवलं. चर्चचा नाताळ, भीमजयंती, मुंबईत सिनेमाचं रेकॉर्डिंग. कुठंच नाही म्हणालो नाही. मला त्या नवरदेवाच्या बापासमोर बसून वाजवायचं होतं.

गेल्या वर्षी तो योग आला. नाशिकच्या एका सभागृहात कार्यक्रम, मी ट्युबावर, बापाच्या बेससारख्याच मोठ्या बाजावर. मध्यंतराआधी संस्थेचे अध्यक्ष शाल घेऊन स्टेजवर आले. तोच माणूस. केस पांढरे, आवाज तोच.

"काय खर्ज आहे तुमचा! कुठलं घराणं?"

"बँडवाल्यांचं."

तो हसला. मी चावी दाबली. त्याच्या बुटाशेजारी, लाल गालिच्यावर पाणी पडलं.

"अहो, हे काय?"

"श्वासाचं पाणी. पुसा."

त्यानं शिपायाला हाक मारली.

"शिपाई नको. तुम्ही पुसा. हातात शाल आहे ना, तिनं. तुमच्या पायरीवर माझ्या बापानं टोपीनं पुसलं होतं. मुलाचं लग्न होतं तुमच्या. आठवलं?"

माईक चालू होता. सभागृहानं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो वाकला नाही. शाल खुर्चीवर टाकून खाली गेला. पुढच्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं की मला पुन्हा बोलावणार नाहीत. येऊ दे.

कार्यक्रमाच्या त्या संध्याकाळी बाप पहिल्या रांगेत होता. दात गेलेत, वळ तसाच. तिथूनच ओरडला, "फुंक रे आता!"

फुंकलं. बसून.

मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. आज माझा स्वतःचा बँड आहे. डोक्यावर टोपी कुणीच घालत नाही. सुपारी घेताना मी आधीच सांगतो, आमच्या वाद्यांतलं पाणी तुमच्या दारात पडेल आणि आम्ही ते पुसणार नाही.